कुलूप लावण्याआधीचं काम

एखादा मोठा कारखाना सुरू होतो तेव्हा काय काय घडतं, ते आपण सर्वांनी पाहिलेलं आहे. मांडव पडतो, नारळ फुटतो, मंत्री येतात, फीत कापली जाते. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात किती हातांना काम मिळणार, याचा आकडा ठळक अक्षरांत छापून येतो. कारखाना बंद होतो तेव्हा यातलं काहीच होत नाही. फाटकावर एक कागद चिकटवला जातो, साखळी अडकवली जाते आणि तिला कुलूप पडतं. नारळ फोडायला जमलेली माणसं कुलूप लावताना कुणालाच दिसत नाहीत.

आपली अशी पक्की समजूत झाली आहे की, सुरू करणं म्हणजे काम आणि बंद करणं म्हणजे काम संपणं. मला आज याच समजुतीबद्दल बोलायचं आहे. मोठा उद्योग नीट बंद करायचा तर त्यालाही वर्षं लागतात, पैसा लागतो आणि माणसं लागतात. म्हणजे बंद करणं हेही एक कामच आहे. प्रश्न एवढाच आहे की ते काम कुणाला मिळतं.

मी पवनारला राहतो. धाम नदीच्या काठावरचं हे गाव महाराष्ट्राला माहीत आहे ते विनोबांच्या आश्रमामुळे. वाकाटकांची राजधानी प्रवरपूर ती हीच, असं महामहोपाध्याय मिराशींनी मांडलं होतं. म्हणजे मोठ्या गोष्टी बंद पडतात हे आमच्या गावाला पंधराशे वर्षांपासून ठाऊक आहे. आमच्या गावात धुराडं नाही. पण पवनारहून नागपूरकडे गेलं की कोराडीची वीजनिर्मिती केंद्राची धुराडी, आणि दक्षिणेला वर्धा नदीच्या खोऱ्यात उतरलं की वणी, माजरी, घुग्घुस, बल्लारपूर या कोळशाच्या खाणी आणि चंद्रपूरचं औष्णिक केंद्र. आमच्या भागातल्या किती तरी घरांतली मुलं या पट्ट्यात कामाला आहेत. कविसंमेलनांच्या निमित्तानं माझंही तिकडे बरंच जाणं झालं. आणि गेल्या काही वर्षांत तिथे गेलं की कवितेपेक्षा एकाच गोष्टीवर जास्त बोलणं होतं, ती म्हणजे आता काय काय बंद होणार.

ही भीती काल्पनिक नाही. कोराडीचे १२० मेगावॅटचे चार जुने संच कधीच निवृत्त झाले आणि तिथे ६६० मेगावॅटचे तीन नवे संच उभे राहिले. चंद्रपूर केंद्राचे २१० मेगावॅटचे पहिले दोन संचही निवृत्त झाले, म्हणून ३३४० मेगावॅटचं ते केंद्र २९२० मेगावॅटवर आलं. नवे संच मोठे असतात, पण त्यांना माणसं त्या प्रमाणात लागत नाहीत. खाणींचं तर आयुष्यच ठरलेलं असतं. कोळसा संपला की खाण संपली. कोळसा शिल्लक राहूनही, तो काढणं परवडेनासं झालं की खाण थांबते.

खाण किंवा वीज केंद्र शेजारच्या खेड्याला काय देतं, हे समजून घ्यायचं असेल तर पगाराच्या आकड्याकडे पाहू नये. पगाराचा रुपया कुठे कुठे जातो ते पाहावं. पगार झाल्यानंतरचा आठवडी बाजार पाहा. त्या दिवशी भाजी लवकर संपते. किराणा दुकानदार उधारीची वही काढून बसतो. मटणाच्या दुकानासमोर रांग लागते, शिंप्याकडे कापड येतं, पानठेलेवाला महिन्याचा हिशेब चुकता करून घेतो. तीन पाळ्यांत चालणाऱ्या कामामुळे पहाटे चार वाजता चहा विकणारा असतो आणि रात्री बारा वाजता डबा पोचवणारी बाई असते. दूध घालणारा शेतकरी असतो, खोली भाड्यानं देणारी विधवा असते, ट्रकचं पंक्चर काढणारा पोरगा असतो. कंपनीच्या हजेरीपटावर यांच्यापैकी एकाचंही नाव नसतं. पण खाण बंद झाली की हे सगळे बेकार होतात.

कायम कामगाराची बदली होते, किंवा त्याला स्वेच्छानिवृत्तीची रक्कम मिळते. कंत्राटी मजुराला बहुतेक वेळा काही मिळत नाही. आणि डबा पोचवणाऱ्या बाईला तर काही मिळायला हवं होतं, हे कुणाच्या ध्यानातही येत नाही. कारखाना बंद झाला की किती जणांच्या नोकऱ्या गेल्या, असं आपण विचारतो. त्या नोकऱ्यांभोवती किती चुली पेटत होत्या, याची मोजदाद होत नाही.

आमच्या वर्धा जिल्ह्याला हे शिकायला कोळशाच्या खाणीपर्यंत जायची गरज नव्हती. हा कापसाचा मुलूख. हिंगणघाटचा कापूस एके काळी लिव्हरपूलच्या बाजारात त्याच गावाच्या नावानं ओळखला जायचा. त्यामुळे या भागात सूत आणि कापडाच्या गिरण्या आल्या, आणि एकेक करून त्यांतल्या बऱ्याच बंदही झाल्या. माझे मामू अशाच एका गिरणीत साचेखात्यात होते. आमच्या घराण्यात मुळात पिंजाऱ्याचं काम. कापूस पिंजणारे हात साच्यावर गेले एवढंच. मामूंचे कान आवाजानं अधू झाले होते, पण साचा बिघडला की कुठला भाग झिजला आहे, हे ते त्याच्या थरथरीवरून सांगत.

ती गिरणी बंद झाली ती नेहमीसारखीच, फाटकावर कागद लावून. थकलेले पगार, ग्रॅच्युइटी, कोर्टकचेऱ्या हे सगळं पुढे अनेक वर्षं चाललं. त्याबद्दल मी आज बोलत नाही. मला आठवतं ते वेगळंच. काही वर्षांनी यंत्रं भंगारात काढली गेली. ती तोडायला बाहेरगावचा कंत्राटदार आला. त्याची माणसं, त्याच्या क्रेन, त्याचे गॅसकटर आणि त्याचेच ट्रक. महिनोन् महिने ते काम चाललं. ज्या माणसांनी वीस-पंचवीस वर्षं ते साचे खोलले होते, जोडले होते, ज्यांना त्यातला प्रत्येक नटबोल्ट ठाऊक होता, ती माणसं फाटकासमोरच्या ठेल्यावर बसून भरलेले ट्रक मोजत होती. त्यांतल्या एकालाही कुणी आत बोलावलं नाही. मामू म्हणाले, "अरे, तोडायचाच होता तर आमच्या हातानं तोडायचा होता. दोन-चार महिने चूल तरी पेटली असती."

मामूंच्या या बोलण्यात अर्थशास्त्र आहे, असं मला तेव्हा वाटलं नव्हतं. आता वाटतं. उद्योग मेला तरी त्याच्या उत्तरकार्यात पैसा असतो. भंगारात असतो, साफसफाईत असतो, जमीन सपाट करण्यात असतो. तो पैसा गावाच्या खिशातून न फिरता परस्पर गावाबाहेर गेला, तर गावाचं दोनदा नुकसान होतं.

आता कोळशाच्या उघड्या खाणीचं पाहू. ती बंद करायची म्हणजे काय करायचं? कोळशावरची माती, मुरूम आणि दगड काढून बाजूला टाकलेले असतात. त्यांचे डोंगर झालेले असतात. पावसाळ्यात ही माती वाहते, नाले बुजवते, शेतात शिरते. म्हणून त्या ढिगांचे उतार कमी करावे लागतात, पायऱ्या पाडाव्या लागतात, वर सुपीक मातीचा थर द्यावा लागतो, गवत आणि झाडं लावावी लागतात आणि ती जगवावी लागतात. जिथून कोळसा काढला तो खड्डा शक्य तितका भरावा लागतो. उरतो त्याचं तळं होतं, त्याला कुंपण हवं, काठ पक्के हवेत. भूमिगत खाण असेल तर तिची तोंडं बुजवावी लागतात, वरची जमीन खचते का यावर लक्ष ठेवावं लागतं. पंप बंद केल्यावर पाणी कुठवर चढतं, आसपासच्या विहिरींवर काय परिणाम होतो, ते पाणी पिण्याजोगं आहे का, हे वर्षानुवर्षं तपासावं लागतं. शिवाय इमारती, सायडिंग, यंत्रं यांची विल्हेवाट वेगळीच.

या सगळ्यासाठी पैसा कुठून येणार? खाण संपल्यावर कंपनीकडे मागायला जाऊन उपयोग नसतो, कारण तेव्हा त्या खाणीतून उत्पन्न येत नसतं. म्हणून केंद्रीय कोळसा मंत्रालयानं २००९ साली एक नियम केला. खाण चालू असतानाच, तिच्या बंदोबस्तासाठी दर वर्षी पैसे बाजूला काढून एस्क्रो खात्यात टाकायचे. एस्क्रो म्हणजे असं खातं, ज्यातले पैसे कंपनीला आपल्या मर्जीनं काढता येत नाहीत. तेव्हाचा दर होता उघड्या खाणीसाठी हेक्टरी ६ लाख रुपये आणि भूमिगत खाणीसाठी हेक्टरी १ लाख. पुढे हे दर वाढले. कंपनीनं पाच वर्षांत बंदोबस्ताचं काम खरंच केलं, असं तपासणीत दिसलं, तर मूळ नियमाप्रमाणे त्यातली ८० टक्क्यांपर्यंत रक्कम तिला परत मिळू शकत होती. उरलेली शेवटच्या कामासाठी राहते. ५०० हेक्टरांची उघडी खाण धरली, तर नुसत्या मूळ दरानं ही रक्कम ३० कोटी होते. एखाद्या तालुक्याच्या खेडेगावासाठी हा आकडा लहान नाही.

मुलीच्या जन्मापासून तिच्या लग्नासाठी आई डब्यात पैसे टाकते, तशीच ही योजना आहे. फरक इतकाच की आपल्या गावाच्या नावानं असा डबा भरतो आहे, हे खाणीशेजारच्या बहुतेकांना माहीतच नसतं.

नियम झाला, पण अंमल सावकाश झाला. देशात पहिल्यांदाच काही कोळसा खाणींना रीतसर अंतिम बंदीचं प्रमाणपत्र मिळालं ते २०२४ साली. वेस्टर्न कोलफील्ड्सच्या, म्हणजे नागपूरला मुख्यालय असलेल्या आपल्याच कंपनीच्या, मध्य प्रदेशातल्या बैतूल जिल्ह्यातल्या पाथाखेडा भागातल्या त्या तीन खाणी. कोळसा खाणींचं राष्ट्रीयीकरण १९७०च्या दशकात झालं. मधल्या पन्नास वर्षांत अनेक खाणी थांबल्या, सोडून दिल्या गेल्या, पाण्यानं भरल्या. पण त्या नीट बंद झाल्या, असं कागदावर म्हणता येईल असं काही नव्हतं. 'थांबणं' आणि 'बंद होणं' यांत हा फरक आहे. थांबलेली खाण गावाला काम देत नाही आणि जमीनही देत नाही.

याच कंपनीनं नागपूरच्या आसपास काही चांगले प्रयोग केले, त्यांचाही उल्लेख केला पाहिजे. खाणीवरच्या मातीच्या ढिगांतून रेती वेगळी काढून ती घरबांधणीला देण्याचं काम भानेगाव, गोंडेगाव इथे झालं. खाणीतून उपसलेलं पाणी नुसतं नाल्यात न सोडता शेतीला, गावांना आणि वीज केंद्राला देण्याच्या योजना झाल्या. सावनेरजवळ जुन्या जागेवर बाग झाली आणि २०१६ पासून पर्यटकांना खाण दाखवण्याचा उपक्रम सुरू झाला. नदीतली रेती चोरीला जाण्याच्या या काळात ढिगातली रेती ही मोठीच गोष्ट. ज्याला आपण कचरा म्हणत होतो, त्यालाही बाजार आहे, हे यातून दिसलं. पण इथेही प्रश्न मामूंचाच. रेती चाळण्याचं, ती वाहण्याचं, बाग राखण्याचं काम गावच्या पोरांच्या हाती आलं, तर तो गावाचा धंदा. नाही तर तो पुन्हा बाहेरच्याचा ट्रक.

याचा विचार जगात दुसरीकडे कुणी केला आहे का, हे शोधताना मला स्कॉटलंडच्या अगदी उत्तर टोकाचं एक उदाहरण सापडलं. जागेचं नाव डूनरे. समुद्रकाठ, वारा, मेंढ्या, थोडी मासेमारी, विरळ वस्ती. केथनेस हा तो परगणा, सगळी मिळून जेमतेम पंचवीस-सव्वीस हजार माणसं. या आडबाजूच्या जागी १९५५ साली ब्रिटिश सरकारनं अणुसंशोधन केंद्र बांधायला घेतलं. अणुभट्टीला धोका असतो, म्हणून ती लोकवस्तीपासून लांब हवी होती. तिथली एक भट्टी १९५९ साली सुरू झाली आणि १९७७ साली थांबली. दुसरी, मोठी, १९७४ ते १९९४ चालली. शेजारच्या थर्सो या छोट्या गावाची वस्ती काही वर्षांत जवळजवळ तिप्पट झाली. शेतकऱ्याचा आणि कोळ्याचा मुलगा तंत्रज्ञ झाला.

१९९४ साली शेवटची भट्टी थांबली. आपल्याकडे असतं तर फाटकावर कागद लागला असता. तिथे झालं असं की, त्यानंतरच्या तीस वर्षांतही ते केंद्र त्या भागातला सर्वांत मोठा रोजगार देणारं राहिलं. वीज तयार होत नाही, संशोधन होत नाही, तरी सकाळी शेकडो माणसं कामावर जातात. काम कसलं? बंद करण्याचं. मोठ्या भट्टीत १५०० टन द्रवरूप सोडियम होतं. ते पाण्याशी गाठ पडली की पेट घेतं. ते निर्धोक करण्याचं काम २००८ साली पुरं झालं. मग दुसऱ्या भट्टीतला असाच पण अधिक अवघड द्रव. मग इंधन बाहेर काढणं, किरणोत्सारी कचरा सिमेंटमध्ये गोठवणं, त्यासाठी तळघरं बांधणं, एकेक इमारत उतरवणं. पूर्वी हे सगळं २०३०च्या दशकात संपेल, असं सांगितलं जात होतं. आता २०७०च्या दशकापर्यंतचा अंदाज आहे. म्हणजे तिथे आज शाळेत जाणारा मुलगा उद्या या कामाला लागून तिथूनच निवृत्त होऊ शकतो. तिथे चालली होती ती भट्टी वीस वर्षं, आणि तिची आवराआवर चालणार तिच्या तीन-चार पट.

दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. ब्रिटिश संसदेनं २००४ साली कायदा करून अशी सगळी केंद्रं बंद करण्यासाठी एक स्वतंत्र प्राधिकरण नेमलं. ते २००५ पासून काम करू लागलं. त्या कायद्यानंच त्याच्यावर एक जबाबदारी टाकली की, बंद करताना आसपासच्या लोकांच्या अर्थकारणाचाही विचार करायचा. त्यामुळे साफसफाईच्या निधीतला थोडा भाग गावाच्या पुढच्या पोटापाण्यासाठी लागतो. विक नावाच्या गावात २०१७ साली अणुउद्योगाच्या जुन्या कागदपत्रांचं मोठं दप्तर उभं राहिलं. त्यात त्या परगण्याचे जुने कागदही ठेवले गेले. त्याच विकच्या बंदरातून आता समुद्रातल्या पवनचक्क्यांची देखभाल होते. अणुकेंद्रात अवघड यंत्रं हाताळायला शिकलेल्या माणसांचा मुलूख असेल, तर दुसरा उद्योगही तिथे यायला फारसा कचरत नाही.

हे ऐकून डूनरे म्हणजे स्वर्ग, असं कुणी समजू नये. तिथे घाण मोठी, म्हणून साफसफाई मोठी. समुद्रात किरणोत्सारी कण गेले, त्यामुळे १९९७ पासून त्या किनाऱ्याजवळ दोन किलोमीटरच्या आत मासेमारीला बंदी घालावी लागली. पैसा सगळा सरकारी तिजोरीतला, म्हणजे करदात्यांचा. आणि बंद करण्याच्या कामावर जगणाऱ्या गावालाही कधी तरी ते काम संपणारच आहे. आपल्या खाणी अणुभट्ट्या नाहीत, आणि आपल्या सरकारपाशी तेवढा पैसाही नाही. तरी तिथून उचलण्यासारखं एक आहे. बंद करण्याचं काम तिथे आधी मोजलं गेलं, त्याची वर्षं आणि त्याचा खर्च जाहीर झाला, आणि ते काम करण्यासाठी तिथलीच माणसं शिकवली गेली.

चंद्रपूरकडच्या एका खाणीजवळ एका ठेल्यावर चहा पिताना मी ठेलेवाल्याला विचारलं होतं, "खाण बंद होणार म्हणतात, तुला काय वाटतं?" मला वाटलं, तो सरकारला शिव्या देईल. तो म्हणाला, "भाऊ, बंद व्हायची तर होऊ द्या. पण तारीख सांगा ना. पाच वर्षांनी होणार असंल तर पोराला आयटीआयला टाकतो. पुढच्या वर्षी होणार असंल तर फ्रीजचं कर्ज घेत नाही."

खेड्यातल्या अर्थव्यवस्थेत तारीख हेही भांडवलच आहे. पाऊस कधी येणार हे ठाऊक नसताना पेरणी करायची सवय आपल्या शेतकऱ्याला आहे, पण खाणीचं आभाळासारखं नसतं. कोळसा किती उरला हे कंपनीला माहीत असतं. ते गावाला सांगितलं तर डब्याची खानावळ चालवणारी बाई वेळेत दुसरी गिऱ्हाइकं शोधते. दुकानदार मालाची उधारी कमी करतो. ट्रक घेतलेला माणूस हप्ते फेडून मोकळा होतो. न सांगता कुलूप पडलं तर याच माणसांच्या डोक्यावर कर्ज राहतं, आणि विदर्भाला कर्जाचा अर्थ नव्यानं सांगायला नको.

आणि सगळ्यात शेवटी उरते जमीन. १९५७ सालच्या कोळसाधारक क्षेत्र कायद्याखाली घेतलेली जमीन, कोळसा संपला म्हणून आपोआप शेतकऱ्याला परत मिळत नाही. २०२२ साली केंद्रानं धोरण ठरवलं की अशा जमिनीची मालकी सरकारी कंपनीकडेच ठेवून ती दुसऱ्या उपयोगासाठी भाडेपट्ट्यानं देता येईल. सौर प्रकल्प होऊ शकतात, इतर उद्योग होऊ शकतात. चांगली गोष्ट आहे. पण त्या भाडेपट्ट्यात गावच्या सहकारी संस्थेला, मच्छीमार सोसायटीला, बचत गटाला जागा आहे का, हा प्रश्न करार होण्याआधी विचारायचा असतो. मुंबईतल्या गिरण्यांच्या जमिनींचं काय झालं ते आपण पाहिलं. १९९१च्या नियमात एक तृतीयांश जमीन मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश घरांसाठी आणि उरलेली मालकासाठी, अशी सरळ वाटणी होती. २००१ साली त्या नियमाचे शब्द बदलले आणि लोकांच्या वाट्याची जमीन बरीच आकसली. नागपुरात जमशेदजी टाटांनी १८७७ साली सुरू केलेल्या एम्प्रेस मिलच्या जागेवर आज मॉल आहे.

बंद झालेल्या खाणीतूनही गावाच्या हाती काही टिकाऊ येऊ शकतं, याचा पुरावा आमच्याच पट्ट्यात आहे. वरोऱ्याला इंग्रजांच्या काळात सरकारी कोळसा खाण होती. तिचा कोळसा नेण्यासाठी १८७०च्या दशकात वर्धा ते वरोरा रेल्वे टाकली. ती खाण १९०६ साली बंद पडली. पण रुळ राहिले. ते पुढे बल्लारशाहकडे वाढले, १९२९ साली तिकडून दक्षिणेच्या मार्गाला जोडले गेले, आणि आज दिल्लीहून चेन्नईला जाणाऱ्या गाड्या त्याच वाटेनं धावतात. वरोरा म्हटलं की आज कुणाला कोळसा आठवत नाही, बाबा आमट्यांचं आनंदवन आठवतं. खाण तीस-पस्तीस वर्षं चालली, तिच्यासाठी टाकलेली वाट दीडशे वर्षं पोट भरते आहे. ते योगायोगानं झालं. आपल्याला ते ठरवून करता आलं पाहिजे.

वर्ध्याच्या मगनवाडीत बसून ग्रामोद्योगांचा विचार करणारे जे. सी. कुमारप्पा यांनी 'इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स' हे पुस्तक तुरुंगात लिहिलं. कोळसा आणि खनिज तेल हा साठा आहे, वापरला की संपतो. नदीचं पाणी आणि वाढतं जंगल हा प्रवाह आहे. साठ्यावर उभं राहिलेलं अर्थकारण तात्पुरतं असतं, हे आमच्या घरापासून पाच-सहा मैलांवर राहणाऱ्या या माणसानं १९४५ साली सांगितलं. कुमारप्पांचं ऐकून आपण खाणी काढल्या नाहीत असं झालं नाही, आणि वीज सर्वांनाच हवी होती. पण निदान साठा संपताना, त्याच्या पैशातून एखादा प्रवाह सुरू करून द्यावा. तळ्यात मासे, ढिगावर बांबू आणि बोर, उपशाच्या पाण्यावर भाजीपाला, गावच्या पोरांच्या हातात यंत्रदुरुस्तीचं कसब. २०२५ साली आलेल्या खाणबंदीच्या नव्या मार्गदर्शक सूचनांत स्थानिकांच्या उपजीविकेला जागा दिली आहे. कागदावर तरी दार उघडलं आहे.

त्या दारातून आत जायचं तर गावानं विचारलं पाहिजे. खाणीशेजारच्या, वीज केंद्राशेजारच्या ग्रामसभांना माझी विनंती आहे. आपल्या गावची खाण किंवा आपल्या गावचा संच कधी बंद होणार, हे लेखी विचारा. बंदीचा आराखडा मागा, माहितीच्या अधिकारात मागा. एस्क्रो खात्यात किती रक्कम जमा आहे आणि मागच्या पाच वर्षांत कशावर खर्च झाली, ते विचारा. झाडं लावणं, ती जगवणं, कुंपण, पहारा, पाण्याची तपासणी, भंगार उतरवणं यांतलं कुठलं काम गावच्या गटाला मिळू शकतं, त्यासाठी कुठलं प्रशिक्षण लागेल आणि ते कोण देणार, हे विचारा. तळं कुणाचं आणि त्याचे मासे कुणाचे, हेही आताच विचारून ठेवा. हे प्रश्न खाण चालू असताना विचारायचे आहेत. तेव्हा फाटक उघडं असतं, साहेब खुर्चीत असतो आणि खात्यात पैसा असतो. कुलूप पडल्यावर उत्तर द्यायला फक्त पहारेकरी उरतो, आणि तोही बहुधा बाहेरगावचाच असतो.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)